मदत हवी आहे: बाबांच्या आठवणीतला शर्यतीच्या घोड्याचा सिनेमा

बाबांनी लहानपणी मॅटिनीला पाहिलेला एक इंग्रजी विनोदी सिनेमा त्यांना पुन्हा दाखवायचा आहे. गोष्ट त्यांना पक्की आठवते. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायला एक माणूस येतो, जवळ रोकड नसते, म्हणून चिमुकल्या मुलीलाच बुकीकडे तारण ठेवून जातो. तो परत येत नाही. पै-पैचा हिशेब ठेवणारा तो कंजूष बुकी मग त्या पोरीत गुंतत जातो.

शोधल्यावर कळलं की डेमन रनियनच्या 'लिटल मिस मार्कर' या कथेवर एक नव्हे, चार सिनेमे निघाले. १९३४ चा शर्ली टेंपलचा (ती तेव्हा जेमतेम सहा वर्षांची!), १९४९ चा बॉब होप आणि ल्युसिल बॉलचा 'सॉरोफुल जोन्स', १९६२ चा टोनी कर्टिसचा आणि १९८० चा वॉल्टर मॅथाऊचा. बाबांचा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता, म्हणजे शेवटचे दोन रंगीत बाद.

बाबा एकच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतात: मुलगी इस्पितळात बेशुद्ध, आणि तिच्यासाठी घोडाच आत आणतात. सांगताना अजूनही त्यांचा आवाज भरून येतो. पहिले दोन्ही सिनेमे कुणी पाहिलेत का? हा प्रसंग कशात आहे? मला १९४९ चा वाटतो, पण खात्री करूनच आणायचाय.

आणि त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स असलेली डीव्हीडी कुठे मिळेल तेही कृपया सांगा. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे.