मदत हवी आहे: त्सो मोरीरीच्या गाळाचं वय कसं ठरवू?

नमस्कार. लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराच्या (उंची सुमारे ४,५०० मीटर) तळातून काढलेल्या ९० सेंटिमीटर गाळावरून जुन्या मान्सूनचे चढउतार शोधतेय. गाडं अडलंय ते वयापाशी.

सगळ्यात वरचा, बोटाला अजून चिकट लागणारा काळपट थर कार्बन-१४ ने (सेंद्रिय अवशेषांचं वय सांगणारी चाचणी) हजाराहून जास्त वर्षं जुना निघाला. शिसे-२१० (अलीकडच्या शतकभराच्या गाळाचं वय सांगणारी पद्धत) मात्र सांगतं की वरचे १२ सेंटिमीटर गेल्या शंभरेक वर्षांतले. खडकांतला जुना कार्बन पाण्यातून शेवाळात उतरलाय आणि त्यामुळे वय फुगलंय, एवढं कळतंय. म्हणून गाळ चाळणीवर धुऊन जमिनीवरच्या, हवेतून कार्बन घेणाऱ्या वनस्पतींचे अवशेष शोधले. दोनच काड्या मिळाल्या, त्याही ४० सेंटिमीटरपाशी.

वरच्या थराची तफावत सगळीकडून वजा करा, असं काहींनी सुचवलं. मला ते पटत नाही. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. ओल्या आणि कोरड्या काळात तफावत सारखी कशी राहील?

पाऊस-बर्फाचा माग देणारी ऑक्सिजन समस्थानिकं (ऑक्सिजनचे हलके-जड अणू) मोजून झालीत. हिवाळी बर्फाचा भाग मान्सूनपासून वेगळा काढायचा आहेच, पण ते नंतर. वयच चुकलं तर ४,२०० वर्षांपूर्वीचा कोरडा काळ कुठल्या थरात बघू?

पुन्हा गाळ काढायला जाणं शक्य नाही आणि पैसे तीनच चाचण्यांपुरते आहेत. काड्या आणि त्याच थरातला गाळ अशी जोडी तपासून (म्हणजे तिथली तफावत कळेल) तिसरी चाचणी तळाला लावू, की काड्या सोडून तीन खोलींवरचे परागकण वेगळे करून पाठवू? परागकणांसाठी प्रत्येक थरातला किती गाळ लागतो?