सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात का?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)
तुकोबांची पालखी इनामदारवाड्यातला मुक्काम आटोपून देहूतून निघाली की पहिली अभंग-आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. पालखी टेकते, आरती होते, मग आकुर्डीची वाट. ते बघताना दोन वेगळे देव समोरासमोर आलेत असं मला कधीच वाटलं नाही. नावं, रूपं, पोथ्या माणसांच्या. त्यापलीकडचं तत्त्व एकच, आणि ते कुठल्याही एका धर्मात सगळं मावत नाही, असं माझं ठाम मत आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले, 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, आणि त्यांचे गुरू चांद बोधले अशी परंपरा सांगतात. ही माणसं निरनिराळ्या सत्यांमागे लागली होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

दीक्षाभूमीजवळचा
ताई, वारीबद्दल आदर आहेच. पण तुमच्या या 'एकच'मध्ये आम्ही बौद्ध कुठे बसतो? ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, यासाठी त्यात स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. ती का घालावी लागली? कारण सगळं एकच म्हणत बुद्धाला नववा अवतार करून टाकलं होतं, आणि त्याच समाजात आमच्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. धम्मात ईश्वर नाही, आत्मा नाही. देवाच्या जागी नीती आहे. तुमचं परमतत्त्व आम्ही शोधतच नाही. तरी आम्हाला त्याच वाटेवरचे ठरवायचं, म्हणजे आमचं न ऐकताच आमच्या वतीने बोलायचं. माझ्या आजीने देवघरातले टाक नदीत सोडले, मग भिंतीवर बुद्धांचा फोटो लावला. तिला दोन्ही सारखंच वाटलं असतं तर टाक घरातच राहिले असते.

कृष्णाकाठचा वाचक
+१. अनगडशहांची कटोऱ्याची गोष्टही नीट ऐका. फकिराचा कधीच न भरणारा कटोरा तुकोबांच्या मुलीने घातलेल्या चिमूटभर पिठाने भरतो. गोष्ट गोड आहे, पण थोर कोण ठरतं ते स्पष्ट आहे.

नगरचा ख्रिस्ती
ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांत हे वाक्य हटकून येतं. पण त्यांनी पूल ओलांडला, हे कुणी बोलत नाही! १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षं ताटातूट झाली. दोन्ही काठ एकच असते तर एवढं कुणी सोसलं असतं का? मी ख्रिस्ताला पूर्ण सत्य मानतो, आणि ते लपवून तुमच्याशी गोड बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. मात्र तुकोबांना जे दिसलं ते खोटं, असं मी कधीही म्हणणार नाही. टिळकांनीही म्हटलं नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आमच्या चर्चमध्ये आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर होतात.

इंद्रायणीकाठ
@दीक्षाभूमीजवळचा, अवतार ठरवून बुद्धाला गिळणं मलाही मान्य नाही. पण 'उदान' या पाली बौद्ध ग्रंथात बुद्ध अजात, अकृत (न जन्मलेलं, न घडवलेलं) असं काही आहे म्हणतात, आणि ते नसतं तर सुटकाच नसती असंही म्हणतात. हे पलीकडचंच नाही का? शब्दांच्या पार गेलेलं, तुकोबांना विठ्ठलात सापडलं तसं?

दीक्षाभूमीजवळचा
तो उतारा आम्हीही वाचतो. बाबासाहेबांच्या मांडणीत निर्वाण म्हणजे विकारांवर ताबा, तोही याच आयुष्यात. काही भिक्खू वेगळा अर्थ सांगतील. तो वाद आमच्या घरातला आहे, आम्ही घालू. तुम्ही त्याचा निकाल आधीच परब्रह्माच्या बाजूने लावून ठेवू नका.