अलांग महाराष्ट्रात तीन तास टेकली, हे टॅगशिवाय कळलं असतं का?

माळरान

काल 'कडेकपारी' यांचा लेख वाचला आणि डोकं तापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमूर ससाण्यासारख्या दीडशे ग्रॅमच्या स्थलांतरी पाखराच्या पाठीला उपग्रहावरून माग काढणारं यंत्र, म्हणजे टॅग, बांधायचं, मग घरबसल्या नकाशावर ठिपका सरकताना बघून टाळ्या पिटायच्या, हा निव्वळ छळ आहे. यातून आजवर एक अमूर ससाणा वाचलेला नाही. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं म्हणून वेगळा धागा.

ऑक्टोबर २०१२ आठवा. नागालँडमधलं दोयांग धरण. बानो हारालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन या निसर्गप्रेमी मंडळींनी तिथली अमूर ससाण्यांची कत्तल जगासमोर आणली. धरणात शेतं गेलेल्या लोकांनी मासे धरायची जाळी झाडांना टांगली होती. ससाणे रात्रथाऱ्याला आले की सकाळी जाळी भरलेली. दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी, असा तेव्हाचा अंदाज होता. आणि पुढच्याच हंगामात, २०१३ला, शिकार शून्य. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना टॅग लावले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे तिथल्या गावाचंच नाव. ज्या गावात हे पक्षी मारून विकले जायचे, त्या गावाचं नाव घेऊन एक पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला आणि वर्षभराने परत दोयांगला आला. गावाला याचं काय वाटलं असेल, याचा विचार लेखात एका ओळीत तरी हवा होता.

आणि नोव्हेंबर २०२५. टॅग लावून मणिपूरहून निघालेल्या तीन अमूर ससाण्यांपैकी अलांग ही सगळ्यात लहान मादी. तेलंगणात रात्र काढली, महाराष्ट्रात तीनेक तास टेकली आणि समुद्रावर निघाली ती थेट केनियापर्यंत. हे कुणाच्या दुर्बिणीतून कळलं असतं?

कडेकपारी

माझ्या नावाने धागा आहे म्हणून उत्तर देतो. तुम्हीच लिहिलेला क्रम परत वाचा. शिकार आधी थांबली, टॅग नंतर लागले. ती थांबली गावसभांमुळे, चर्चमधून सांगितल्यामुळे, कायद्याच्या धाकामुळे. गावकऱ्यांनी कमावलेलं श्रेय तुम्ही यंत्राला देताय.

२०१८चं सोयीस्कर विसरलात. मणिपूरच्या तामेंगलाँगमध्ये दोन ससाण्यांना टॅग लावले, त्यातल्या 'मणिपूर' नावाच्या नराला काही दिवसांत तिथेच मारलं. टॅग होता ना पाठीवर?

आता माझं. चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेली खरुची, म्हणजे छोटा ससाणाच, माझ्याकडे आठ दिवस होती. डॉक्टरांनी पंखाला पट्टी बांधली होती, बोटाएवढ्या रुंदीची. ती खरुची खायची थांबली, पण पट्टी चोचीने ओढायची थांबली नाही. रात्री दिवा लावला तरी तेच, एकेक धागा उसवत बसलेली. शेवटी पट्टीखालची पिसं पार झिजली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे 'पक्ष्याला कळतही नाही' हे मला कुणी सांगू नये.

पिसारा

कडेकपारी, जखमी पक्ष्याच्या पट्टीवरून धडधाकट पक्ष्याच्या टॅग बांधायच्या पट्ट्याबद्दल बोलता येत नाही. टेफ्लॉनची फीत मऊ असते आणि दोन-चार दिवसांत पिसांखाली जाते. टॅगचं वजन शरीराच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत ठेवायचं हा जगभरचा दंडक आहे. २०१३चे टॅग पाच ग्रॅमचे होते. सौर पट्टीवर चालतात, त्यामुळे जड बॅटरी लागत नाही.

त्रास शून्य असतो असं मी म्हणणार नाही. पण मणिपूर ते केनिया सहा-सात दिवसांत गाठणारी अलांग त्या ओझ्याने वाकली होती, असं तिच्या प्रवासावरून तरी दिसत नाही.

घाटमाथा

तुमचं चालू दे, पण अमूर ससाण्यांचा खरा छळ बघायचाय तर नोव्हेंबर सरता सरता आमच्या लोणावळ्याला या. मी इथलाच. तारांवर ओळीने बसतात, मधेच उतरून गवतातला नाकतोडा उचलतात, परत तारेवर. समोर तीन हजार किलोमीटरचा समुद्र आहे, पोट भरायला हातात थोडे दिवस. आणि खाली काय चाललेलं असतं? पठारावरच्या गवतात गाड्या घातलेल्या. पक्षी उडताना हवा म्हणून एकजण हातवारे करत पळतोय, बाकीचे कॅमेरे रोखून. मागच्या हंगामात एका रविवारी मी २३ गाड्या मोजल्या. पक्षी तारेवर टिकेना. दहा मिनिटांत सहा वेळा उठवला. एका बाईंना थांबा म्हटलं, तर 'जागा तुमच्या बापाची आहे का' हे ऐकून घेतलं.

पाच ग्रॅमवर एवढं लिहिता, त्या २३ गाड्यांवर कोण लिहिणार?

भिंगवाला

घाटमाथा, सगळ्या फोटोग्राफरना एका काठीने हाकू नका. मी नऊ वर्षं लोणावळ्याला येतोय. गाडी रस्त्यावर ठेवतो, पोटावर सरपटत जातो. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा पक्षी माहीत झाला तो आमच्या फोटोंमुळेच. तुम्ही गाड्या मोजत होतात, तेव्हा वनखात्याला फोन केलात का?

घाटमाथा

दोनदा केला. आणि तुम्ही सरपटत जाऊन काढलेल्या फोटोखाली जागेचं नाव लिहिता की नाही, तेवढं सांगा.

भिंगवाला

लिहायचो. गेल्या दोन वर्षांत नाही.

घाटमाथा

मग त्याआधीची सात वर्षं तुम्हीच त्या गाड्यांना रस्ता दाखवलात. वाईट वाटू दे, पण हे असंच आहे.

भिंगवाला

मला तुमच्याकडून प्रमाणपत्र नको. पण ठीक आहे, जुन्या फोटोंवरचीही नावं काढतो. माहिती लपवून पक्षी वाचतात, हे मात्र मला पटलेलं नाही. दोयांगची कत्तल लपवली असती तर काय झालं असतं?

गवताळ

लोणावळ्यावरून भांडताय, आमच्या सोलापूरकडे या. भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतात आणि रात्री गवतात जमिनीवर झोपतात. लहानपणी संध्याकाळी माळावर एकामागून एक उतरताना मोजायचो, बोटं पुरायची नाहीत. आज त्याच माळावर सरकारी कागदात 'पडीक' लिहिलंय. अर्ध्यावर खड्डे खणून झाडं लावली, अर्ध्यावर सौर पॅनेल. फोटोवाले नि टॅगवाले नंतर, आधी उतरायला जागा ठेवा.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग. अलांगच्या बातम्या रोज मोबाईलवर वाचून दाखवायचे आणि मुलं भिंतीवरच्या नकाशावर दोरा सरकवायची. दोरा महाराष्ट्रात आला त्या दिवशी वर्ग नुसता उसळला. मग दोरा समुद्रात गेला आणि एका मुलीने विचारलं, "बाई, रात्री ती बसते कुठं?" कुठेच नाही बसत, उडतच राहते, वारा पाठीशी असतो, असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्याआल्या पहिला प्रश्न, "पोचली का?"

त्याच मुलीच्या भावाकडे गलोल आहे. ती तिने लपवून ठेवली, हे मला तिच्या आईने सांगितलं. 'टाळ्या पिटणारे' म्हणालात तेव्हा मला ही मुलं दिसली, म्हणून लिहिलं.

माळरान

कडेकपारी, क्रमाबद्दल तुमचं बरोबर आहे. शिकार टॅगच्या आधी थांबली. मी घाईत दोन्ही एकत्र बांधलं. पण 'मणिपूर'बद्दल विचार करा. तो मारला गेला हे कळलंच मुळी टॅगमुळे. बिनटॅगचे त्या आठवड्यात किती मारले गेले, कोण सांगणार?

कडेकपारी

मेल्याची खबर टॅगमुळे लागली, एवढं मान्य. आणि बाईंच्या वर्गाला उद्देशून मी ते लिहिलं नव्हतं. 'टाळ्या' हा शब्द मागे घेतो, लेख नाही.

कारण माझा मूळ प्रश्न तसाच आहे आणि पिसारा यांनी तो अलगद टाळला. यंत्र बंद पडतं, ठिपका नकाशावरून जातो, बातम्या थांबतात. पाठीवरचा पट्टा तेव्हा काय होतो?

पिसारा

टाळला नाही, राहून गेला. काही पट्ट्यांत सुती धाग्याची कच्ची शिवण ठेवतात. ती कुजली की सगळं गळून पडतं. सगळ्यांत ठेवतात असं नाही.

कडेकपारी

मग आधी सगळ्यांत ठेवा. त्यानंतर मला अलांगचं कौतुक सांगा, मीही ऐकेन.