तारीख गेली म्हणून रवा फेकायचा का?

गोकुळपेठची सून
परवा मी कचऱ्यात टाकलेलं रव्याचं पाकीट सासूबाईंनी परत काढलं. 'बेस्ट बिफोर' संपून आठ दिवस झाले होते. त्यांनी चाळून पाहिलं, जाळं नव्हतं, खमंग भाजून उपमा केला. तणतणत का होईना, मीही खाल्ला. मग वाचलं की 'बेस्ट बिफोर' ही चवीची हमी, 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' ही सुरक्षिततेची. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. बंद पाकिटातल्या कोरड्या मालाची तारीख मी यापुढे मानणार नाही.

इतवारी किराणा
ताई, २०२० च्या लेबल नियमांत एक्सपायरी सक्तीची आहे, बेस्ट बिफोर ऐच्छिक. आता रव्यावरही एक्सपायरीच दिसेल. मग?

गोकुळपेठची सून
मग चाळणी आहेच की.

महालातला
चाळणी रव्याला ठीक. मागच्या मे महिन्यात पनीर आणलं, तारखेला चार दिवस बाकी आणि पाकीट फुग्यासारखं टम्म! दुकानदार रात्री फ्रिज बंद करून जाते म्हणे. ती तारीख थंड जागेत ठेवलेल्या मालाची असते बाप्पा, आपल्या ४५ डिग्रीतल्या नाही. तुम्ही तारीख पुढे ढकलून राहिले, इथं ती अलीकडे आणावी लागते.

मायक्रोबायोलॉजीवाली
महालातल्या दादांशी सहमत. वासावर तर मुळीच जाऊ नका. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजमध्येही वाढतो आणि वास देत नाही. तारखेपेक्षा मला भीती ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भाताची. त्यात एक जिवाणू विष तयार करतो, ते सकाळच्या फोडणीनेही जात नाही. भात उरला की लगेच फ्रिजमध्ये.

महालातला
म्हणजे फोडणीचा भात पण बंद? काऊन जगाव माणसानं!

इतवारी किराणा
माझ्या मते लेबलवरून भांडणच फुकट आहे. घरात फेकलं जाते ते बहुतेक बिनतारखेचंच. पोळ्या, वरण, भाजी. कॉटन मार्केटात स्वस्त दिसला म्हणून तीन जुड्या सांबार (कोथिंबीर) घेणारे कोण? त्याच्यावर कोणती तारीख असते?

गोकुळपेठची सून
आत्ता फ्रिज उघडला. दोन जुड्या काळ्या पडल्यात. सासूबाई अजून उठल्या नाहीत.