सोकोल्यान्स्कींनी बधिरांध मुलांना नेमकं कसं शिकवलं?

कृष्णाकाठ
मी विशेष शिक्षिका आहे, दोनच वर्षं झालीत. यंदा वर्गात सहा वर्षांचा मुलगा आलाय. जन्मापासून दिसत नाही, ऐकूही येत नाही. बधिरांध हेलन केलरच्या एका हातावर पंपाचं पाणी आणि दुसऱ्या हातावर तिच्या बाईंनी बोटांनी उमटवलेला 'पाणी' हा शब्द, ही गोष्ट लहानपणापासून डोक्यात, म्हणून मीही चार महिने त्याच्या तळहातावर 'पाणी' रेखाटतेय. तो हात ओढून घेतो, कधी चावतोही. एका प्रशिक्षणात युक्रेनच्या इव्हान सोकोल्यान्स्कींचं नाव कानावर पडलं, पण विषय पुढे सरकला. त्यांची पद्धत कुणाला माहीत आहे का?

पानगळ
थोडा इतिहास माहीत आहे. जन्म 1889, कुबान प्रांतातला. 1920च्या दशकात खार्किव्हला त्यांनी बधिरांध मुलांची शाळा-चिकित्सालय काढलं. 1930च्या दशकात त्यांना दोनदा अटक झाली. सुटल्यावर मॉस्कोला गेले, तिथल्या संस्थेत काम करत राहिले. खार्किव्हची शाळा दुसऱ्या महायुद्धात संपली, तिथली काही मुलंही गेली. 1960 साली ते वारले. सोव्हिएत राज्य पुरस्कार मिळाला तो 1980 साली, वीस वर्षांनी.

जुनी_पाटी
ताई, आधी तो तळहात थांबवा. एकतीस वर्षं याच मुलांत काढली आहेत, म्हणून हक्काने सांगते.

हेलनला एकोणीस महिन्यांची होईपर्यंत दिसत होतं, ऐकू येत होतं. शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या आधीच तिच्याकडे कितीतरी घरगुती खुणा होत्या. स्वयंपाकिणीच्या मुलीबरोबर खेळायची, धुतलेले कपडे घड्या घालून ठेवायची. म्हणजे शब्द पडला तो नांगरलेल्या जमिनीत. तुमच्या लेकराला पाणी म्हणजे काय हेच अजून उमगलेलं नाही. त्याच्या तोंडाला कुणीतरी पेला लावतं, एवढंच त्याला ठाऊक. मग त्या खुणेचं त्याने काय करावं?

सोकोल्यान्स्की सुरुवात करायचे उठणं, तोंड धुणं, कपडे, जेवण इथून. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने. त्यांचे शिष्य मेश्चेर्याकोव्ह यांनी पुढे हे फार नेमकं मांडलं. मुलाच्या हातावर मोठ्याचा हात, दोघांचा मिळून एक चमचा. मुलाच्या हाताने जरा जरी स्वतःहून हालचाल केली की आपला जोर तेवढाच कमी करायचा. आपण रेटत राहिलो तर मुलाचा हात मरगळतो; फार लवकर सोडलं तर चमचा सांडतो आणि तो प्रयत्नच सोडून देतो. सगळी कला या मापात आहे.

माझ्याकडे एक मुलगी होती, आठ वर्षांची. वरणभाताचा चमचा धरून आम्ही दोघी रोज बसायचो. दीड महिना तिचं मनगट नुसतं लोंबत असायचं. एक दिवस वाटीपासून बोटभर वर येईपर्यंत ते ताठ झालं. तेवढंच. मी हात सैल केला. पुढे भूक लागली की ती रिकामा हात तोंडाकडे न्यायला लागली. ती तिची पहिली खूण, तिनेच केलेली. बोटांची अक्षरं, ब्रेल हे सारं त्या खुणेनंतर.

आणि हे फक्त जेवणापर्यंतचं शिक्षण नव्हतं. ओल्गा स्कोरोखोदोवा ही त्यांची विद्यार्थिनी, खेरसोनजवळच्या गावची. लहानपणीच मेंदूज्वराने दृष्टी आणि श्रवण गेलं. 1925च्या सुमारास खार्किव्हला आली. बाहेरचं जग आपल्याला कसं जाणवतं, यावरचं तिचं पुस्तक 1947 साली आलं. पुढे ती त्याच मॉस्कोच्या संस्थेत संशोधक झाली. आपल्या कामाचं फळ दिसेनासं झालं की मी तिचीच आठवण काढते.

पानगळ
मेश्चेर्याकोव्हांचे चार बधिरांध विद्यार्थी 1970च्या दशकात मॉस्को विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडले, हेही इथे नोंदवतो.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितेय. 'पाणी' बंद केलं. मधल्या सुट्टीत फक्त डबा. चावणं दुसऱ्याच आठवड्यात थांबलं. आज चमचा तोंडापाशी येताना त्याने माझी बोटं बाजूला सारली! आईला फाटकातच सांगितलं. ती म्हणाली, घरी सांडतं म्हणून आम्हीच भरवतो. उद्यापासून डब्यात घट्ट खिचडी द्या, असं सांगितलंय. घरी काय करू देत?

जुनी_पाटी
रात्रीचं जेवण त्याच वाटीत, त्याच जागी. जाड दांड्याचा चमचा घ्या, एक शाळेत, एक घरी. खाली जुनी चादर अंथरून सांडू द्या. आईला एवढंच सांगा, त्याने बोटं सारली की लगेच हात काढायचा, घास अर्धा सांडला तरी.