घरी लाकडी ड्रिफ्ट बोट बांधताना: फ्रेम उभारावी की तारेने शिवून चिकटवावी?

कोरी फळी (प्रश्न)

नमस्कार. उथळ आणि खडकाळ नदीतून प्रवाहाबरोबर खाली जाण्यासाठी १६ फुटी लाकडी ड्रिफ्ट बोट घरीच बांधण्याचे मी ठरवले आहे. बोटीच्या बांधणीचे नकाशे मिळवले आहेत आणि जागाही मोकळी केली आहे. सुतारकामात माझा हात कपाटे आणि टेबले यांपलीकडे गेलेला नाही. वाकवलेली फळी मी आजवर एकदाही बसवलेली नाही. नकाशात दोन पद्धती दिल्या आहेत. पहिलीत आधी आडव्या फ्रेम (बरगड्यांसारख्या चौकटी) उभ्या करून त्यांवर प्लायवूडच्या बाजू वाकवायच्या आहेत. दुसरीत प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांधे इपॉक्सीने (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट्याने) आणि काचकापडाच्या पट्ट्यांनी पक्के करायचे आहेत. नवख्याने कोणती पद्धत निवडावी? प्लायवूडचा ताव ८ फुटी असताना १६ फुटी बाजू अखंड कशी करावी? आणि दगडांवर घासणाऱ्या तळाचे रक्षण कसे करावे? ही बोट घाईने उरकण्याची माझी इच्छा नाही, त्यामुळे सविस्तर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

रंधा आणि गुण्या

पद्धत निवडण्यापूर्वी या होडीचा आकार कोठून येतो ते समजून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मॅकेन्झी नदीवर हा आकार घडत गेला आणि १९४०च्या दशकात वुडी हिंडमन यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला आजचे रूप दिले. तळ रुंद आणि सपाट असतो, पण पुढून मागे पाहिले तर तो झोपाळ्याच्या पाटासारखा दोन्ही टोकांना वर उचललेला दिसतो. टोके पाण्याबाहेर राहिल्यामुळे प्रवाहाला धरायला फारसे काही मिळत नाही, आणि एका वल्ह्याच्या ओढीने होडी जागच्या जागी वळते.

हा बाक वेगळा कापून काढावा लागत नाही, ही यातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे. पुठ्ठ्याच्या दोन सरळ, सारख्या पट्ट्या घ्या, त्यांची टोके एकमेकांना जोडा आणि मधोमध एक आडवा तुकडा असा बसवा की पट्ट्या वरच्या बाजूला बाहेर कलतील. टोके आपोआप वर उचलली जातात. कल जितका जास्त, तितका तळाचा बाक जास्त. म्हणून एखाद्या फ्रेमचा कोन जरासा चुकला तरी ती चूक तेवढ्यावर थांबत नाही, तळाच्या संपूर्ण रेषेत उतरते.

माझे मत फ्रेमच्या बाजूने आहे. शिवण्याच्या पद्धतीत लाकूडकाम कमी आणि होडी हलकी, हे खरे. परंतु तिथे आकार तुकड्यांच्या कापणीवरच अवलंबून असतो, आणि शिवल्यानंतर होडीला पीळ पडला आहे हे पुष्कळदा सांधे वाळल्यावरच लक्षात येते. फ्रेम उभ्या असताना मध्यरेषेवर दोरी ताणून, ओळंबा सोडून, प्रत्येक फ्रेम तपासता येते आणि गरज पडल्यास सोडवून पुन्हा बसवता येते. कपाटे केलेल्या हाताला हे काम ओळखीचे वाटेल. प्रत्यक्ष प्लायवूडला करवत लावण्यापूर्वी फुटाला एक इंच या मापाने पुठ्ठ्याची प्रतिकृती मात्र अवश्य करावी.

भरती-ओहोटी

वरील मताशी मी सहमत आहे; मी सांध्याबद्दल आणि इपॉक्सीबद्दल लिहिते.

दोन ताव जोडण्यासाठी तिरका सांधा करावा, म्हणजे दोन्ही कडा उतरत्या रंधून एकमेकींवर चिकटवाव्यात, आणि त्याचा उतार जाडीच्या आठपट ठेवावा. बाजूंसाठी ६ मिलिमीटरचे, म्हणजे सुताराच्या भाषेत सुमारे दोन सुताचे, मरीन प्लायवूड पुरते. तिथे उतार ४८ मिलिमीटरचा होईल. तावांच्या कडा पायऱ्यांसारख्या ४८ मिलिमीटर मागे सरकवत एकावर एक ठेवाव्यात आणि सर्वांवर एकदमच धारदार रंधा चालवावा. प्लायवूडचे थर इथे स्वतःच मार्गदर्शन करतात: उतार सपाट असेल तर थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसतात, आणि रेषा जिथे वळते तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे असे समजावे. चिकटवताना आधी दोन्ही उतारांवर पातळ इपॉक्सी लावून लाकडाला ते पिऊ द्यावे, मगच भुकटी घालून दाट केलेले इपॉक्सी लावावे. क्लॅम्प फार आवळू नयेत, कारण सगळा चिकटा बाहेर निघाला तर सांधा उपाशी राहतो.

इपॉक्सीच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते. अनेक प्रकारचे इपॉक्सी वाळताना पृष्ठभागावर मेणचट थर सोडते. पहिल्या होडीच्या वेळी मी तो पाण्याने न धुता थेट काचपेपर मारला. मेण निघाले नाही, उलट घासून आत बसले. त्यावर दिलेला रंग महिनाभरात पापुद्र्यासारखा सुटू लागला आणि एक पूर्ण बाजू मला पुन्हा खरवडावी लागली. म्हणून आधी पाणी आणि खरखरीत घासणी, नंतर काचपेपर, हा क्रम मोडू नये. हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची राहते. वाळलेल्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा वरून रंग किंवा ऊन रोखणारे व्हार्निश लागतेच.

जुनी वल्ही

तळासाठी १२ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे आणि बाहेरून काचकापड चढवावे. शेवटच्या एक-दोन थरांत इपॉक्सीमध्ये ग्राफाइटची भुकटी मिसळली की तळ गुळगुळीत आणि काळा होतो, आणि होडी दगडावर अडण्याऐवजी सरकते. पण सर्वांत जास्त मार तळ आणि बाजू मिळतात त्या कोपऱ्याला बसतो. तिथे बाहेरून कठीण लाकडाची एक बळीची पट्टी नुसत्या स्क्रूने बसवावी, म्हणजे झिजल्यावर ती काढून नवी लावता येते.

फ्रेमबद्दल एक गोष्ट राहून गेली आहे. प्रत्येक फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात पाणी वाहून जाण्यासाठी खाच ठेवावी आणि खाचेच्या आतल्या कडेलाही इपॉक्सी लावावे. मी पाहिलेल्या जवळजवळ सर्व कुजलेल्या होड्यांत कूज याच कोपऱ्यातून सुरू झाली होती, आणि तीही नदीच्या पाण्याने नव्हे, उघड्यावर ठेवलेल्या होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्याने.

वल्ही ९ ते १० फुटांची लागतील. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि उलटे ओढून होडीचा वेग कमी करतो, त्यामुळे पाय रोवायला भक्कम आधार हवा. बसण्याची फळी दोन-तीन इंच पुढे-मागे सरकेल अशी करावी. सोबतच्या माणसांच्या वजनाप्रमाणे तोल साधावा लागतो.

कोरी फळी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुठ्ठ्याची प्रतिकृती केली आणि पुढचे टोक सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, डावीकडे झुकलेले निघाले. खऱ्या होडीत तो फरक दीड इंच झाला असता. शोधल्यावर तिसऱ्या फ्रेमच्या एका बाजूचा कोन मी चुकीचा उतरवल्याचे आढळले. आता फ्रेमचीच पद्धत नक्की केली आहे. एकच शंका उरली आहे: तिरका सांधा पक्का झाला आहे, हे बाजू वाकवण्यापूर्वी कसे ओळखावे?

भरती-ओहोटी

उरलेल्या प्लायवूडच्या दोन पट्ट्यांवर तसाच सांधा करावा, इपॉक्सी पूर्ण वाळू द्यावे आणि पट्टी मोडेपर्यंत वाकवावी. मोडलेल्या जागी लाकडाचे तंतू फाटलेले दिसले तर सांधा चांगला आहे. चिकट्याची गुळगुळीत चकाकी दिसली तर मूळ तावांना हात लावण्यापूर्वी आणखी एक पट्टी करून पाहावी.