मॉरिसनच्या बातम्या किती खऱ्या मानायच्या? (चीन १९११)

ऐरोलीकर: ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर चीनच्या क्रांतीबद्दल वाचतोय सध्या. त्यात लंडनच्या टाइम्सचा पेकिंगचा बातमीदार जॉर्ज मॉरिसन सारखा येतो, माणूस १८९७ पासून तिथे पण चिनी बोलायला शिकलाच नाही म्हणे! मग मांचू बादशहांची छिंग राजवट पडताना त्याने जे लिहिलं ते कितपत धरायचं?

घणसोली_बॉय: भाषा सोड, तो होता कुठे ते बघ. उठाव झाला मध्य चीनमधल्या वुचांगला आणि हा बसलेला लांब राजधानीत, पेकिंगला. आणि तिथे तरी प्लॅननुसार कुठे काय झालं, ९ ऑक्टोबरला शेजारच्या हांकौ शहरातल्या रशियन वसाहतीत बॉम्ब बनवता बनवता फुटला, पोलिसांना नावांची यादी मिळाली, मग सैन्यातल्या पोरांनी म्हटलं तसेही मरणारच आहोत तर होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी रात्री बंड. क्रांतिकारकांचे नेते सन यत्-सेन, त्यांना पण अमेरिकेत पेपर वाचूनच कळलं 😄

नौपाड्याचे काका: अरे, पेशवाई बुडाली ती पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या पत्रांतून वाचायची तसंच आहे हे. वाचायची, पण रेसिडेंट कोणाचा पगार खातो ते विसरायचं नाही. १९०१ साली परकीयांनी चीनवर ४५ कोटी टेल (टेल म्हणजे तिथलं चांदीचं वजन) चांदीचा दंड लादलेला, त्यांना चिंता वसुलीची, म्हणून क्रांतीच्या धामधुमीत कस्टमचा पैसा त्यांनी आपल्या बँकांकडे वळवून घेतला. सहा वर्षांचा बादशहा पू यी, त्याच्या नावाने १२ फेब्रुवारी १९१२ ला राज्यत्याग जाहीर झाला, राजवटीचाच जुना सेनापती युआन शिकाई अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी मॉरिसन नोकरी सोडून त्याचाच सल्लागार! आता बोला.

कोपरी७८: काका पटलं, पण सगळ्या गोऱ्यांना एकाच माळेत ओवू नका ना. शिआन शहरात ऑक्टोबरमध्येच हजारो मांचू, म्हणजे बादशहाच्याच जमातीचे लोक, कापले गेले, बायकापोरांसकट, ते जिंकलेल्यांनी नंतर फारसं सांगितलंच नाही, त्याबद्दल लिहून ठेवलं ते तिथल्या मिशनऱ्यांनी. मांचूंनी सक्तीने ठेवायला लावलेल्या शेंड्या कापल्याच्या गोष्टी सगळे सांगतात हो.

ऐरोलीकर: हे शिआनचं माहितीच नव्हतं, आपल्याकडे पुस्तकात दोन ओळीत राजवट संपते. काका, ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात चीनवर मराठीत काही मिळेल का? तुम्ही जाता ना तिथे?

नौपाड्याचे काका: रविवारी सकाळी ये, कपाट बघू. ऊन चढायच्या आत ये मात्र.